नाताळाआधीची परीक्षा : फिलाडेल्फियानजीकच्या एका ऑगस्टिनी विद्यापीठात

ख्रिस्तजन्माचा सण जवळ आला म्हणजे कॅथलिक महाविद्यालयाच्या आवारात केवढी लगबग उडत असेल, अशी आमची आपली एक भाबडी समजूत होती. वसई-वांद्र्याचा नाताळ ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या डोळ्यांपुढे गव्हाणीचे देखावे, घरोघरी टांगलेले कागदी तारे आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गायनवृंदांच्या तालमी उभ्या राहतात. तोच देखावा, थोड्या अधिक श्रीमंती थाटाचा, पाहावयास मिळेल या अपेक्षेने २०२५ च्या डिसेंबरच्या मध्यास आम्ही व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या आवारात पाऊल टाकले, आणि पाहतो तो काय, सगळीकडे सामसूम! कडाक्याच्या थंडीत टोप्या कानांवर ओढलेली मुलेमुली खाली मान घालून ग्रंथालयाकडे चाललेली. कोणाच्या हातात कॉफीचा पेला, कोणाच्या काखेत लॅपटॉप. चर्चच्या जुळ्या मनोऱ्यांखालून जाताना वर पाहण्याची कोणास सवड नव्हती.

कारण अगदी साधे होते. अमेरिकेतील विद्यापीठांचे पहिले सत्र नाताळाच्या तोंडावर संपते आणि त्याचा शेवटचा आठवडा परीक्षांचा असतो. शेवटचा पेपर टाकला की मुले घरोघर पांगतात. प्रत्यक्ष सणाच्या दिवशी वसतिगृहांना कुलपे असतात. म्हणजे ज्या विद्यापीठाचे अवघे अस्तित्व ख्रिस्ताच्या नावावर उभे आहे, तेथील विद्यार्थ्यांना ख्रिस्तजन्म तेथे साजरा करावयास मिळतच नाही. त्यांच्या वाट्याला येतो तो आगमनकाळ, नाताळाआधीचे वाट पाहण्याचे चार आठवडे. चर्चमध्ये आम्ही डोकावलो तेव्हा हिरव्या फांद्यांच्या चक्रातील चार मेणबत्त्यांपैकी तीन पेटून गेलेल्या होत्या, एक कोरी होती. शेवटच्या बाकावर एक मुलगा हात जोडून बसला होता. तो प्रार्थना करीत होता की सूत्रे आठवीत होता, हे सांगणे कठीण.

आम्ही तेथे गेलो ते आमच्या पुतणीच्या निमित्ताने. आमचे धाकटे बंधू गेली पंचवीस वर्षे फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहतात. त्यांची कन्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये या विद्यापीठाच्या परिचारिका-शिक्षणाच्या शाखेत दाखल झाली. शहरापासून सुमारे वीस किलोमीटर पश्चिमेस, पाओलीकडे जाणाऱ्या लोकलगाडीच्या मार्गावर हे ठिकाण आहे. स्थानकावर उतरले की समोर विद्यापीठच. वाचकांपैकी अनेकांनी त्याचे नाव २०२५ च्या मे महिन्यात प्रथम ऐकले असेल. ८ मे रोजी पोपपदी निवडले गेलेले लिओ चौदावे, पूर्वाश्रमीचे रॉबर्ट प्रिव्होस्ट, हे येथलेच पदवीधर. गणित हा मुख्य विषय घेऊन ते १९७७ मध्ये उत्तीर्ण झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टिनी संघात दाखल झाले. गणित घेतलेल्या मुलाने अभियंताच झाले पाहिजे असा ज्या पालकांचा आग्रह असतो, त्यांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा!

पण पोपमहाशयांच्या पुण्याईवर लेख लिहावा हा आमचा हेतू नाही. आमच्या मनात घोळत होता तो आमच्या बंधूंचा प्रश्न. कन्येचा प्रवेश निश्चित झाल्याचे त्यांनी दूरध्वनीवरून सांगितले तेव्हा आवाजात आनंद होता, तशी एक खोच होती. ‘अभ्यासक्रमात धर्मविचाराचा विषय सक्तीचा आहे. पहिल्याच वर्षी संत ऑगस्टिनचे आत्मनिवेदन वाचावे लागते. आपली मुलगी तिथे जाऊन आपली राहील ना?’ परदेशात गणपती बसविणाऱ्या आणि दिवाळीला फराळाचे डबे वाटणाऱ्या कोणाही मराठी बापाने विचारावा असाच हा प्रश्न होता. त्याला आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही.

त्या प्रश्नाचे नवल असे, की जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच शहरात तो कॅथलिक बापांनी विचारला होता. ऑगस्टिनी संघाने फिलाडेल्फियात १७९६ मध्ये आपल्या चर्चचा पाया घातला. त्याला वर्गणी देणाऱ्यांत स्वतः जॉर्ज वॉशिंग्टन होते. पुढे आयरिश निर्वासितांची रीघ लागली, तसा मूळच्या प्रॉटेस्टंट रहिवाशांत या परक्या, गरीब आणि पोपनिष्ठ लोकांविषयी आकस वाढत गेला. सरकारी शाळांत रोज बायबलवाचन होई आणि ते प्रॉटेस्टंटांना मान्य असलेल्या भाषांतरातून होई. आमच्या मुलांना आमचे बायबल वाचू द्या, एवढीच विनंती बिशप केन्रिक यांनी १८४२ मध्ये केली. तिचा विपर्यास होत होत १८४४ च्या मे महिन्यात शहरात दंगली उसळल्या आणि ८ मे रोजी जमावाने ऑगस्टिनी संघाचे चर्च जाळून टाकले. त्यासोबत त्यांचा मोठा ग्रंथसंग्रहही भस्मसात झाला. कोणते पुस्तक मुलांनी वाचावे यावरून पेटलेल्या आगीत हजारो पुस्तके जळाली!

त्याआधी दोनच वर्षे, १८४२ मध्ये, याच धर्मगुरूंनी शहराबाहेर बेल एअर नावाची एक शेतवाडी विकत घेऊन तेथे मठ आणि विद्यालय स्थापन केले होते. तेच आजचे व्हिलानोव्हा. चर्च जळाले तसे विद्यालयाचे आर्थिक पाठबळही संपले. १८४५ मध्ये ते बंद ठेवावे लागले, १८४६ मध्ये पुन्हा उघडले. नागरिकांच्या मालमत्तेचे रक्षण करण्यात नगराने कसूर केली म्हणून संघाने शहरावर दावा लावला आणि तो जिंकला. १८४८ मध्ये विद्यालयास पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, १८५७ मध्ये ते पुन्हा बंद पडले आणि यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये पुन्हा सुरू झाले. विद्यापीठाचा दर्जा व परिचारिका-शाखा ही दोन्ही १९५३ ची. सर्व शाखांची दारे मुलींना १९६८ मध्ये खुली झाली.

या साऱ्या इतिहासाची एक मूक साक्षीदार ग्रंथालयात ठेवली आहे. पुतणीने आम्हांस आवर्जून तिच्यापाशी नेले. ती म्हणजे एक घंटा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे प्रतीक बनलेली तडा गेलेली घंटा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या जोडीला १७५४ च्या सुमारास इंग्लंडहून मागविलेली दुसरी घंटा पुढे ऑगस्टिनी संघाच्या चर्चला मिळाली होती. १८४४ च्या आगीत ती कोसळून फुटली. तिचाच धातू पुन्हा ओतून १८४७ मध्ये ही घंटा घडविली आणि विद्यालयास दिली. आम्ही तिच्यावर हात ठेवला. धातू थंडगार होता. बाजूच्या टेबलावर एक विद्यार्थिनी पुस्तकावरच डोके टेकून गाढ झोपी गेली होती.

ती घंटा पाहताना आम्हांस पणजी आठवली. गोव्यातील वाचकांनी एव्हाना ओळखलेच असेल. ऑगस्टिनी धर्मगुरू १५७२ मध्ये गोव्यास आले आणि जुन्या गोव्याच्या टेकडीवर त्यांनी मोठा मठ व चर्च उभारले. जांभ्या दगडाचा तो उंच, अर्धा ढासळलेला बुरूज आजही प्रवाशांना खुणावतो. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांची हकालपट्टी केली, मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये, म्हणजे तिकडे बेल एअरच्या वाडीत विद्यालयाची स्थापना होत होती त्याच वर्षी, इकडे चर्चचे छत कोसळले. त्या चर्चची प्रचंड घंटा पुढे १८७१ मध्ये पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये नेऊन टांगण्यात आली. फिलाडेल्फियाची घंटा मुकी झाली आहे, पणजीची अजून वाजते.

आता पुतणीच्या अभ्यासाकडे वळू. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो अभियांत्रिकीचा असो, वाणिज्याचा असो की परिचर्येचा, दोन्ही सत्रांत ‘ऑगस्टिन आणि संस्कृती’ या नावाच्या चर्चावर्गास बसावे लागते. व्याख्यान देऊन मोकळे होण्याची सोय तेथे अध्यापकांना नाही. पंधरा-सोळा मुले गोलाकार बसतात आणि नेमलेल्या पुस्तकावर बोलतात. वर्गातील मुलांची राहण्याची व्यवस्थाही शक्यतो एकाच वसतिगृहात केलेली असते, त्यामुळे वर्गातील वाद जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचतो. पुढे तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र आणि ‘श्रद्धा, विवेक व संस्कृती’ हा धर्मविचाराचा विषय असतोच. आपल्याकडील कॅथलिक शाळा-महाविद्यालयांत शिकलेल्या वाचकांना नीतिपाठाचा तास आठवत असेल. ख्रिस्ती मुले एका खोलीत धर्मशिक्षणास आणि उरलेली दुसऱ्या खोलीत खरे बोलावे, वडिलांची आज्ञा पाळावी हे ऐकावयास! व्हिलानोव्हात अशी दुसरी खोली नाही. सर्वांना एकच पुस्तक.

‘मग ते वाचताना तुला कसे वाटले?’ आम्ही विचारले.

‘काका, पहिले काही दिवस झोप यायची,’ ती प्रांजळपणे म्हणाली. ‘मग नाशपातीची गोष्ट आली.’

ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. ऑगस्टिन सोळा वर्षांचा असताना त्याने टोळक्यासोबत रात्री शेजारच्या झाडाची फळे चोरली. भूक नव्हती, फळेही काही चांगली नव्हती. बरीचशी डुकरांपुढे टाकून दिली. केवळ चोरण्याच्या मौजेसाठी केलेल्या या चोरीचा पुढे बिशप झालेल्या त्या विद्वानाने पानेच्या पाने पश्चात्ताप केला आहे. आमच्या पुतणीने वर्गात सांगून टाकले, ‘आमच्याकडे देवच लोणी चोरतो आणि त्याच्या आईपासून सगळ्या गावापर्यंत सर्वांना त्याचे कौतुक वाटते. हा माणूस एवढा का रडतो, मला कळत नाही.’ वर्ग प्रथम हसला, आणि नंतर, तिच्या सांगण्याप्रमाणे, उरलेला सगळा तास कृष्णाच्या लोण्यावर आणि ऑगस्टिनच्या नाशपातीवर खर्ची पडला. अध्यापकांनी तिला तोंडी निभावून नेऊ दिले नाही. जे बोललीस ते लिहून आण, म्हणाले. निबंधासाठी तिने रात्री आईला दूरध्वनी करून गोकुळातल्या गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या. घरी असताना त्या गोष्टी ऐकून घेण्यास या मुलीला कधी वेळ नव्हता, असे वहिनींनी आम्हांस नंतर सांगितले. वहिनींच्या स्वरात तक्रार होती की समाधान, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आमचे स्वतःचे म्हणाल तर ते आत्मनिवेदन वाचताना आम्हांस तुकोबांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. स्वतःचे दोष देवापुढे आणि लोकांपुढे उघडे करून दाखविण्याचे ते धैर्य मराठी माणसाला परके नाही. शिवाय या संताचे विद्यार्थिजीवन व शिक्षकीजीवन दोन्ही आपल्याला ओळखीचे वाटावे असे आहे. शाळेत त्याने मार खाल्ला, ग्रीक भाषा त्याला कधी आवडली नाही. रोममध्ये तो वक्तृत्वशास्त्र शिकवीत असे तेव्हा फी देण्याची वेळ आली की शिष्यगण संगनमताने दुसऱ्या गुरूकडे पळ काढीत! त्या जाचाला कंटाळून तो मिलानला गेला. आई मोनिका आफ्रिकेहून समुद्र ओलांडून त्याच्या पाठोपाठ तेथे पोहोचली. पुतणी म्हणाली, ‘आई दर रविवारी डबा घेऊन येते ना, ती मोनिकाच!’

असे असले तरी बंधूंचा प्रश्न यामुळे पुरता सुटला असे आम्ही म्हणणार नाही. जो पुस्तक निवडतो तो चर्चेची दिशाही काही अंशी निवडत असतो. वर्गात कृष्णाला जागा मिळाली ती एका मुलीने तोंड उघडले म्हणून. ती गप्प राहती तर तास नाशपातीवरच संपता. परंतु १८४४ मध्ये ज्यांच्या मुलांना आपले पुस्तक वाचण्याची मोकळीक हवी होती, त्यांचे वारस आज परधर्मी मुलीला आपले पुस्तक वाचावयास लावतात आणि त्यावर तिचे म्हणणे लेखी मागतात, हेही नोंदविले पाहिजे. श्रद्धा ठेव असे कोणी तिला सांगितले नाही. नीट वाच, एवढेच सांगितले. नीट न वाचल्याबद्दल गुण मात्र कापले.

विज्ञानाचे तास मेंडेलच्या नावाच्या इमारतीत भरतात. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल हा ऑगस्टिनी मठवासी होता, हे अनेकांस ठाऊक नसते. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाची थोरवी जगाला १९०० मध्ये कळली, तेव्हा त्याला जाऊन सोळा वर्षे झाली होती. शिक्षकाच्या सनदेची परीक्षा मात्र दोनदा बसूनही त्याला उत्तीर्ण होता आले नाही. इमारतीसमोर त्याचा पुतळा आहे. परीक्षेच्या आठवड्यात त्याच्याकडे पाहून किती जणांना धीर येत असेल!

येथवर सारे गोड लिहिले. आता थोडे कडू. ज्या संत थॉमसच्या नावाने हे विद्यापीठ आहे तो सोळाव्या शतकातील व्हॅलेन्सियाचा आर्चबिशप. त्याच्या दाराशी रोज शेकडो भिकारी जेवत. १५५० मध्ये त्याने गरीब विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय काढले. मृत्युशय्येवर असताना आपली खाटही त्याने दान केली आणि मरेपर्यंत उसनी मागून घेतली, असे सांगतात. त्याच्या नावाच्या या विद्यापीठात शिकण्या-राहण्याचा वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे जातो. शिष्यवृत्त्या आहेत, आमच्या पुतणीसही एक मिळाली आहे. तरी उरलेल्या रकमेसाठी बंधूंनी घर गहाण ठेवले आहे. अवतीभवती लहान कॅथलिक महाविद्यालये एकामागून एक विझत आहेत. स्थलांतरितांची कैवारी संत कॅब्रिनी, तिच्या नावाचे शेजारचे विद्यापीठ २०२४ मध्ये बंद पडले व त्याचे आवार व्हिलानोव्हाने घेतले. भगिनींनी १९२१ मध्ये काढलेले रोझमाँट महाविद्यालयही व्हिलानोव्हात विलीन होणार असल्याचे २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झाले. मोठे झाड वाढते तेव्हा त्याच्या सावलीत काय काय सुकते, हा विचार जुळ्या मनोऱ्यांकडे पाहताना आमच्या मनातून जाईना.

विद्यार्थी काही हातावर हात ठेवून बसलेले नसतात. दर सप्टेंबरात संत थॉमसच्या नावाने सेवादिन होतो आणि हजारो मुले शहरभर रंगकामापासून अन्नवाटपापर्यंत पडेल ते काम करतात. हिवाळ्याच्या तोंडावर बौद्धिक वाढ खुंटलेल्या खेळाडूंचा क्रीडामहोत्सव येथे भरतो. तो संपूर्णपणे विद्यार्थीच चालवितात, आणि विद्यार्थ्यांनी चालविलेला तसा महोत्सव जगात याहून मोठा नाही, असे विद्यापीठाचे म्हणणे आहे. पुतणीने तेथे दोन दिवस धावपटूंना पाणी दिले. आणि बास्केटबॉलविषयी न लिहिले तर तेथील मुले आम्हांस क्षमा करणार नाहीत. १९८५ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या व्हिलानोव्हाने जेझुइटांच्या बलाढ्य जॉर्जटाउनला ६६–६४ असे हरविले, ही कथा नवागतास पहिल्याच आठवड्यात ऐकविली जाते. २०१६ आणि २०१८ मध्येही त्यांनी अजिंक्यपद मिळविले.

पुतणीचा पहिला आठवडा मात्र वेगळ्याच कारणाने तिच्या स्मरणात राहील. २१ ऑगस्ट २०२५. नवागतांच्या स्वागताची मिस्सा उघड्यावर चालू होती आणि बंदूकधारी इसम आवारात शिरल्याचा संदेश सर्वांच्या फोनवर एकाच वेळी आला. खुर्च्या उलथल्या, मुले वाट फुटेल तिकडे धावली. पुण्यात तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. बंधूंचा दूरध्वनी आला, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पुतणी एका तळघराच्या खोलीत, ज्यांची नावेही ठाऊक नव्हती अशा बाराजणांसोबत, दिवे मालवून बसली होती. ती सारी कोणी केलेली खोटी वर्दी होती, हे उघड होण्यास तास-दीड तास गेला. तेवढ्या वेळात अंधारात शेजारच्या मुलीने तिचा हात धरून ठेवला होता. ती दूर देशची, कॅथलिक. तीच पुढे तिची जिवाभावाची मैत्रीण झाली. विमानाचे भाडे परवडत नाही म्हणून ही मैत्रीण नाताळात घरी जाणार नव्हती.

आम्ही निघालो तेव्हा चार वाजताच अंधारू लागले होते. दुसऱ्या दिवशी रसायनाचा पेपर असल्याने पुतणी स्थानकापर्यंत आली नाही. चर्चच्या पायऱ्यांशीच तिने आम्हांस वाकून नमस्कार केला. खांद्यावरच्या पिशवीतून आत्मनिवेदनाची दुमडलेली प्रत डोकावत होती. गाडीत बंधू बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून एक चिटोरे काढले. त्यावर चर्चच्या फलकावरून नाताळाच्या रात्रीच्या मिस्सेची वेळ त्यांनी उतरून घेतली होती. मैत्रीण घरी राहावयास येणार, तर तिला त्या रात्री चर्चला न्यावयास नको का, असे ते म्हणाले. ‘आत आपण कुठे बसायचे असते, तुला ठाऊक आहे का रे, दादा?’